खासगी शाळेचे दोन मुख्याध्यापक

महाराष्ट्रात ‘खासगी शाळा’ म्हटलं की दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या एकाच पाटीखाली येतात. गावातल्या शिक्षण संस्थेची अनुदानित शाळा खासगीच, आणि शहरातली लाखभर फी घेणारी विनाअनुदानित शाळाही खासगीच. मुख्याध्यापकांच्या पगाराची, आणि या पदावर आता नवी पिढी येतेय का याची, चर्चा इथेच घसरते.

अनुदानित शाळेत नेमणूक संस्थेची, पगार मात्र सरकारचा. तो सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत, ‘शालार्थ’ या सरकारच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतून येतो. संस्थाचालक खूश झाले म्हणून त्यात रुपया वाढत नाही. पुढचे मुख्याध्यापक कोण, हेही शिक्षकखोलीत आधीच ठाऊक असतं: खासगी शाळांच्या सेवाशर्तींच्या 1981 च्या नियमावलीप्रमाणे पात्र शिक्षकांतले सेवाज्येष्ठ. (अल्पसंख्याक संस्थांना निवडीची मोकळीक आहे.) एका संस्थेच्या अनेक शाळा असतील तर ज्येष्ठता यादी सामाईक, त्यामुळे अनेक जिल्ह्यांत शाळा चालवणाऱ्या ‘रयत शिक्षण संस्थे’सारख्या संस्थेत नवे सर दुसऱ्याच तालुक्यातून येऊ शकतात. ज्येष्ठ शिक्षकाला लेखी देऊन हक्क सोडताही येतो. काही जण सोडतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही. पगारातला फरक थोडा, पण पोषण आहाराच्या हिशेबापासून संचमान्यतेपर्यंत (पटसंख्येवरून शिक्षकांची पदं मंजूर करून घेणं) सगळं अंगावर.

या पद्धतीत खुर्चीवरचा माणूस सहसा तरुण होत नाही. यादीत वर सरकेपर्यंत बहुतेकांची पन्नाशी उलटते, आणि 58 व्या वर्षी निवृत्ती. बदलतंय ते वेगळंच. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना सरसकट जुनी पेन्शन नाही, आणि ती पिढी आता या पदाजवळ पोचतेय. श्रेणी तीच, कामही तेच, पण निवृत्तीनंतरचं गणित निराळं.

कागदावर 1977 चा सेवाशर्ती कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळेलाही लागतो, वेतनश्रेणीसकट. व्यवहारात पगार फीवर आणि बोलणीवर ठरतो. महानगरातल्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या शाळेत तो सरकारी श्रेणीच्या बराच वर जाऊ शकतो. तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात निम्माही नसतो. जाहिरात देऊन बाहेरून आणलेल्या, चाळिशीतल्या प्रिन्सिपल मॅडम इथे सहज दिसतात. पण फी आणि नेमणुका ठरवणारी खुर्ची बहुधा त्यांची नसते. ती संस्थापकांच्या मुलाकडे किंवा सुनेकडे ‘संचालक’ म्हणून जाते. खरा पिढीबदल होतो तो तिथे.

म्हणून नुसते महिन्याचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. पीएफ पगाराच्या किती भागावर कापतात आणि करार किती वर्षांचा, हेही विचारावं. खासगी शाळेतल्या शिक्षकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये उचलून धरला, पण त्यासाठी साधारण पाच वर्षांची सलग सेवा लागते. करार तीनच वर्षांचा असेल आणि पुढे वाढला नाही, तर नोव्हेंबर 2025 आधी तीही हातात पडत नसे; तेव्हा लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या करारासाठी ही पाच वर्षांची अट नाही.