तिकांडं वळतं, म्हणून फोटो वळतो

डिसेंबरात यवतमाळकडच्या शेतात हरभऱ्याचं ओलित अनेकदा रात्रीच्या लाइनवर होतं. आठच्या सुमारास मोटर सुरू करताना पूर्वेकडे बघा. मृगातलं तिकांडं, म्हणजे ओळीतले ते तीन तारे, जवळजवळ उभं दिसतं. मध्यरात्री दक्षिणेला उंचावर तेच तिरपं झालेलं, आणि पहाटे पाचला पश्चिमेकडे चक्क आडवं कललेलं. तीन ताऱ्यांमधलं अंतर तसूभर बदललेलं नसतं. क्षितिजाच्या हिशेबानं अख्खं नक्षत्रच वळलेलं असतं.

आल्ट-अ‍ॅझिमथ माऊंटवर, म्हणजे दुर्बिणीच्या एका प्रकारच्या स्टँडवर, लांब एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो) घेताना नेमकं हेच आडवं येतं. हे माऊंट दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरवतं. माऊंटची मोटर मधोमधचा तारा अचूक धरून ठेवते, पण कॅमेरा क्षितिजाला समांतरच राहतो आणि आकाश त्याच्यापुढे वळत जातं. माझ्या पहिल्या फोटोत मृगाचा तेजोमेघ (वायू-धुळीचा चमकता ढग) मधोमध स्वच्छ होता, कडेचे तारे मात्र नखाच्या कोरीसारखे वाकलेले. मी कितीतरी दिवस लेन्सलाच दोष देत होतो.

विदर्भात हा त्रास जास्त, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत. इथे मृग दक्षिणेला सर्वांत उंच असताना चित्र तासाला सुमारे ३२ अंशांच्या वेगानं वळतं. लंडनमध्ये त्याच स्थितीत जेमतेम ११. म्हणजे आपल्याकडे ३० सेकंदांत पाव अंशाहून थोडं जास्त. ऐकायला किरकोळ, पण मध्यापासून ३००० पिक्सेलवरचा तारा तेवढ्यात १४ पिक्सेल सरकतो. रात्री आठला, मृग पूर्वेला २५ अंशांवर असताना, हाच वेग तासाला साडेचार अंशांवर येतो आणि तो तारा सरकतो फक्त दोन पिक्सेल. मृग माथ्याजवळ येईपर्यंत थांबू नका, असं मी कळकळीनं सांगतो ते यासाठीच.

माऊंटखाली लोखंडी पाचर बसवून त्याचा उभा अक्ष ध्रुवाकडे वळवला की हे वळणं थांबतं. पण ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर, त्यामुळे अक्ष ७० अंश कलवावा लागतो आणि सगळा भार एका बाजूला लोंबतो. पाचर जाड पत्र्याचीच हवी.

तोवर १५-१५ सेकंदांचे २४० फोटो घ्या. आठ ते नऊच्या तासात चौकट सहाएक अंश वळलेली असते. स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो तेवढा उलटा फिरवून एकावर एक बसवतं. कोपरे कापले जातात, म्हणून तेजोमेघ मधोमध धरा.