माशी सापडते जंगलात, जात सापडते टेबलावर

२०१२ साली थायलंडच्या जंगलातल्या एका माशीला नाव मिळालं, युरिप्लॅटीया नॅनकनिहाली, आणि तिची लांबी होती फक्त ०.४ मिलिमीटर. मिठाचा बारीक दाणा असतो ना, तेवढी. आणि तेवढ्याशा अंगात डोळे आहेत, पंख आहेत, सहा पाय आहेत, मेंदू आहे, अंडी घालायचा अवयव पण आहे. आपल्या घरातली माशी तिच्यापेक्षा साधारण पंधरा पट लांब असते. हे वर्णन केलं ब्रायन ब्राउन यांनी, लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधले माशांचे तज्ञ. पुढे २०१८ मध्ये त्यांनीच ब्राझीलमधल्या मनाउसजवळची अजून बारीक माशी जाहीर केली, ०.३९५ मिलिमीटरची. तिचे पुढचे पाय अंगाच्या मानाने इतके दणकट की नाव ठेवलं आर्नोल्ड श्वार्झनेगरवरून.

एवढं लहान होऊन मिळतं काय? तर या फोरिडी कुळातल्या बऱ्याच माशा मुंग्यांवर जगतात. मादी मुंगीच्या अंगात अंडं घालते, अळी आतून खात वाढते, काही जातींमध्ये तर मुंगीच्या डोक्यात वाढते आणि शेवटी ते डोकंच गळून पडतं. थायलंडच्या माशीला हे करताना कोणी बघितलेलं नाही, पण तिच्या वंशातली आफ्रिकेतली जात मुंग्यांवरच जगते हे माहीत आहे आणि हिच्या अंडी घालायच्या अवयवाची ठेवण पण तशीच आहे, म्हणून हा अंदाज. दोन मिलिमीटरची मुंगी असेल तर तिच्यात वाढणारी माशी केवढी असणार, विचार करा.

आता मला खरं सांगायचंय ते पुढचं. लोकांना वाटतं की शास्त्रज्ञ जंगलात गेले, माशी दिसली, नवीन आहे म्हणाले आणि नाव देऊन मोकळे झाले. तसं काहीच होत नाही. ०.४ मिलिमीटरची माशी जंगलात चालताना कोणाला दिसणार? ती येते सापळ्यातून. मलेझ ट्रॅप म्हणून तंबूसारखी एक जाळी असते, रेने मलेझ या स्वीडिश कीटकतज्ञाने १९३४ मध्ये ब्रह्मदेशात असताना बनवलेली. त्याच्या लक्षात आलं होतं की तंबूत शिरलेले किडे बाहेर पडायला वरच्या कोपऱ्याकडे जातात, मग त्याने त्या कोपऱ्यातच बाटली लावली. बाटलीत अल्कोहोल, आणि त्यात हजारो किडे एकत्र, पतंग, गांधीलमाश्या, चिलटं, तुडतुडे सगळं. ती बाटली लॅबमध्ये येते, कोणीतरी डिशमध्ये ओतून मायक्रोस्कोपखाली चिमट्याने आणि बारीक ब्रशने एकेक किडा वेगळा करतं, आणि तेव्हा कुठे तळाशी बसलेला तो ठिपका माशी आहे हे कळतं.

आणि माशी आहे कळलं तरी नवीन आहे कशावरून? इथे खरं काम सुरू होतं. माशी कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून आतलं मऊ मांस विरघळवायचं, उरलेलं पारदर्शक कवच काचेच्या स्लाइडवर नीट मांडायचं आणि मग बघायचं पंखातल्या शिरा कशा जातात, पायावर केस किती आणि कुठे, मिशांचे भाग किती. नर मिळाला असेल तर त्याच्या जननेंद्रियांची रचना, कारण बाहेरून डिट्टो सारख्या दिसणाऱ्या दोन जाती बऱ्याचदा तिथेच वेगळ्या निघतात. शिवाय आजकाल डीएनएचा साधारण ६५० अक्षरांचा एक ठराविक तुकडा वाचतात, बारकोड म्हणतात त्याला, त्याने खूप मदत होते.

पण तुलना कोणाशी करायची? आधी नाव दिलेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी. त्यासाठी जुने पेपर काढायचे आणि होलोटाइप बघायचे. होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्यावर त्या जातीचं नाव कायमचं टांगलेलं असतं तो नमुना. आपल्याकडच्या माशांचं पायाभूत काम एन्रिको ब्रुनेटी यांनी केलं, कलकत्त्यात राहणारे हे गृहस्थ मुळात संगीतकार होते. १९१२ पासून ब्रिटिश इंडियाच्या माशांवर त्यांचे जाडजूड खंड निघाले, आजही भारतातल्या कितीतरी माशांसाठी तिथूनच सुरुवात करावी लागते. नमुने कोलकात्याच्या झूऑलॉजिकल सर्व्हेत, काही लंडनला, काही अजून कुठे. म्हणूनच नमुना गोळा झाल्यापासून नवी जात जाहीर व्हायला सरासरी २१ वर्षं लागतात, २०१२ मध्ये एका फ्रेंच टीमने हा हिशोब काढला होता. एकवीस वर्षं बाटलीत! तोपर्यंत ते जंगल तरी राहतं का.

आणि या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे नमुन्यासोबतची चिठ्ठी. कुठे सापडली, कोणत्या तारखेला, कशात, कोणी पकडली. ही चिठ्ठी किती महत्त्वाची ते खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही, कारण आपल्याच शहाद्याची गोष्ट आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने मिळालं नव्हतं, सगळ्यांनी नामशेष धरलेलं. मध्ये १९१४ चा गुजरातमधला एक नमुना होता, कर्नल माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. अमेरिकन पक्षीतज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना त्याने म्युझियममधून चोरून, परत भरून, खोटं लेबल लावून ठेवला होता. मूळचा पक्षी १८८० च्या दशकात डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या खानदेशात मिळवलेला. खोटी चिठ्ठी बाजूला केली, खऱ्या चिठ्ठ्यांवरचे गाव धरून शोधलं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. पक्ष्याच्या बाबतीत एवढा घोळ होतो तर माशीचं काय, तिच्याकडे तर चिठ्ठीशिवाय काहीच नसतं.

आपल्याकडच्या माशा म्हणजे नुसती घाण असं समजू नका. रावेर-यावलकडे केळीचा सडका घड पडला की त्यावर झटके देत पळणाऱ्या बारीक कुबड्या माशा दिसतात, त्यात मेगासेलिया स्केलॅरिस ही जात हमखास भेटते. तिचं नाव ठेवलं गेलं १८६६ मध्ये, क्यूबातल्या नमुन्यावरून. ज्वारीची मिजमाशी तर शेतकऱ्याला चांगली माहीत आहे, दोन मिलिमीटरच्या आतली नारिंगी माशी, फुलोऱ्यात अंडी घालते आणि अळी कोवळा दाणाच खाते, कणीस वरून भरलेलं वाटतं पण आत फोल. तिचं वर्णन झालं १८९९ मध्ये अमेरिकेत. त्याच वंशातल्या इतर जाती गवतांवर राहतात, बघायला जवळजवळ सेम, पण ज्वारीला हात लावत नाहीत. म्हणजे बांधावरच्या गवतातली माशी ज्वारीवर येणारी का नाही, हे सांगायला ज्याने या जाती वेगळ्या करून लिहून ठेवल्या त्याचंच काम लागतं. गावाने पेरणी एकाच वेळी करा हा सल्ला पण त्या एका जातीचं पंधरा-वीस दिवसांचं जीवनचक्र कळलं म्हणून देता आला.

कोस्टा रिकात झुर्की नावाच्या ठिकाणी चार हेक्टर जंगलात वर्षभर सापळे लावून फक्त माशा मोजल्या, तर निघाल्या ४३३२ जाती. चार हेक्टर म्हणजे दहा एकर, आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याचं शेत असतं तेवढंच. सातपुडा कोरडा आहे, साग-अंजनाचं पानगळीचं जंगल, तिथे आकडा एवढा नसेल. पण यावलच्या, तोरणमाळच्या जंगलात पहिल्या पावसानंतर जे चिलटांचे ढग उठतात त्यातल्या किती जातींना नाव आहे?

हे काम कॉलेजच्या पोरांनी सुरू करण्यासारखं आहे आणि मला मनापासून वाटतं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटनी ते करावं. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही गोळा करायचं नाही, पण बांधावरचा आंबा पुरे आहे. पानावर फोडासारख्या बारीक गाठी दिसतात, त्यातल्या बऱ्याच गाठी मिजमाशांच्या, म्हणजे ज्वारीच्या मिजमाशीच्याच कुळातल्या माशांच्या, असतात. गाठींचं पान ओलसर कापसासोबत बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा, रोज बघा, कारण बाहेर आलेली माशी जेमतेम एक-दोन दिवस जगते. निघाली की अल्कोहोलमध्ये टाका, ते पान पण वाळवून सोबत ठेवा. आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, झाडाचं नाव, गाव, तालुका, तारीख, मोबाइलवरचं लोकेशन, आणि लिहा पेन्सिलीने, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.