बँकॉकमधील पर्यटन

बँकॉक ही थायलंडची राजधानी असून जगभरातून सर्वाधिक परदेशी पर्यटक येणाऱ्या शहरांत तिची गणना होते. ब्रह्मी सैन्याने १७६७ मध्ये अयुथ्या ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केल्यावर काही वर्षे चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावरील थोनबुरी येथून राज्यकारभार चालला. १७८२ मध्ये चक्री घराण्याचा संस्थापक पहिला राम याने नदीच्या पूर्व तीरावर नवी राजधानी वसविली. नदीचे वळण आणि खोदलेले कालवे यांनी वेढलेल्या या मूळ नगराला रत्नकोसिन म्हणतात. शहराची बहुतेक महत्त्वाची प्रेक्षणीय स्थळे याच भागात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील वाहतूक मुख्यतः पाण्यावरूनच होत असे. चारोएन क्रुंग हा आधुनिक पद्धतीचा पहिला मोठा रस्ता १८६० च्या दशकात झाला. त्यामुळे जुन्या मंदिरांची आणि वाड्यांची रचना नदीवरून पाहिली असता जशी उलगडते, तशी ती वाहनांनी गजबजलेल्या रस्त्यांवरून उलगडत नाही. पहिल्या दिवसाची सुरुवात नदीवरून करणेच सर्वांत श्रेयस्कर ठरते.

त्यासाठी सार्वजनिक बोटसेवा पुरेशी आहे. आकाशरेल्वेच्या सफान ताक्सिन स्थानकाला लागून असलेल्या साथोर्न धक्क्यावरून निघणाऱ्या चाओ फ्राया एक्सप्रेस बोटी उत्तरेकडे जाताना राजवाडा, वाट फो, वाट अरुण (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर) आणि फुलबाजार यांच्या धक्क्यांवर थांबतात. बोटींचे प्रकार त्यांवरील झेंड्यांच्या रंगांवरून ओळखले जातात आणि त्यांचे भाडे अल्प असते. थोनबुरीच्या बाजूचे अरुंद कालवे पाहण्यासाठी मोटारीचे इंजिन बसविलेल्या निमुळत्या लांब होड्या भाड्याने मिळतात. भाडे मात्र चढण्यापूर्वीच ठरवून घ्यावे लागते. लाकडी खांबांवर उभी असलेली घरे, दारापुढचे पूजास्थान आणि पायरीशी बांधलेली होडी हे जुन्या बँकॉकचे रूप या कालव्यांच्या काठी अजून पाहावयास मिळते.

राजवाड्याचे बांधकाम १७८२ मध्येच सुरू झाले आणि १९२५ पर्यंत तो राजनिवास होता. त्याच्या आवारातील वाट फ्रा केओ हे राजघराण्याचे मंदिर असून त्यात सुमारे ६६ सेंमी. उंचीची हिरव्या पाषाणाची बुद्धमूर्ती आहे. उन्हाळा, पावसाळा व हिवाळा या तिन्ही ऋतूंच्या प्रारंभी राजा किंवा त्याचा प्रतिनिधी या मूर्तीचा सुवर्णपोशाख बदलतो. भारतीय प्रेक्षकाने मात्र मूर्तीच्या दर्शनानंतर लगेच बाहेर पडू नये. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकियन या थाई रामायणाची १७८ चित्रे सलग रंगविलेली आहेत, आणि ती उत्तरेकडून आरंभ करून प्रदक्षिणेच्या दिशेने पाहावयाची असतात. जनकाला सीता सापडण्याच्या प्रसंगापासून सुरू होणारी ही कथा परिचयाची वाटते आणि पावलोपावली वेगळीही होत जाते. येथील सीता ही तोत्सकान म्हणजे रावणाचीच टाकून दिलेली कन्या आहे. हनुमान ब्रह्मचारी नसून सेतुबंधनात अडथळा आणणाऱ्या मत्स्यकन्येच्या प्रेमात पडणारा शूर वीर आहे. मारुतीची उपासना करणाऱ्या मराठी माणसाला हा हनुमान प्रथम परका वाटला, तरी येथील लोकांचे त्याच्यावरील प्रेम तितकेच जिवंत आहे. याच कथेवर आधारलेले खोन हे मुखवटेनृत्य २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले असून १९३३ मध्ये सुरू झालेल्या साला चालेर्मक्रुंग या नाट्यगृहात त्याचे प्रयोग होतात.

राजवाड्याच्या दक्षिणेस वाट फो आहे. तेथील शयनमुद्रेतील बुद्धमूर्ती ४६ मी. लांब व १५ मी. उंच असून तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या चकचकीत तुकड्यांनी १०८ शुभचिन्हे जडविली आहेत. भिंतीलगत ओळीने मांडलेल्या १०८ पात्रांत भाविक एकेक नाणे टाकत जातात आणि त्या नादाने सारे सभागृह भरून राहते. चक्री घराण्यातील तिसरा राम या राजाच्या काळात या मंदिराच्या आवारात वैद्यक, मर्दन, साहित्य आदी विषयांचे ज्ञान शिलालेखांच्या रूपाने सर्वांसाठी कोरून ठेवण्यात आले. पारंपरिक थाई मर्दनविद्येची येथील शाळा त्याच परंपरेतील असून आवारातच मालिश करून घेता येते. समोरच्या तीरावरील वाट अरुण येथे लहान नावेने काही मिनिटांत जाता येते. त्याचे मुख्य शिखर चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांनी मढविलेले आहे. पहाटेच्या देवतेचे नाव असले, तरी हे मंदिर पूर्व तीरावरून सूर्यास्ताच्या वेळी अधिक शोभून दिसते.

या तीन स्थळांपुढे इतर मंदिरे दुर्लक्षित राहतात, हे योग्य नव्हे. वाट साकेतच्या सुवर्णगिरीवर तीनशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यास जुन्या शहराचा विस्तार दृष्टीस पडतो; भारतात पिप्रहवा येथील स्तूपात सापडलेले आणि तत्कालीन ब्रिटिश सरकारने सयामच्या (म्हणजे थायलंडच्या) राजाला दिलेले बुद्धाचे अवशेष येथे जतन केले आहेत. वाट त्राइमित येथील सुमारे साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती दीर्घकाळ चुन्याच्या लेपाखाली झाकलेली होती. १९५५ मध्ये ती हलविताना लेप फुटला आणि तिचे खरे रूप प्रकट झाले. वाट सुतातसमोरच्या लाल रंगाच्या भव्य झोपाळ्याच्या चौकटीजवळ राजदरबाराच्या ब्राह्मण पुरोहितांचे देवस्थान आहे, तर राचाप्रासोंग चौकातील एरावन या देवस्थानात १९५६ पासून चतुर्मुख ब्रह्मदेवाची पूजा चालते. भारतात ब्रह्मदेवाची मंदिरे विरळ असताना येथे नोकरदार स्त्री-पुरुष कामावर जाता-जाता झेंडूच्या माळा वाहून हात जोडतात. सिलोम भागातील मारिअम्मन मंदिर एकोणिसाव्या शतकात तमिळ स्थलांतरितांनी उभारले. तेथील नवरात्रोत्सवात थाई बौद्धही मोठ्या संख्येने सहभागी होतात.

सर्व धर्मस्थळांत खांदे व गुडघे झाकणारा पोशाख आवश्यक असून राजवाड्यात हा नियम काटेकोरपणे पाळला जातो. मूर्तीकडे पाय करून बसणे हा अवमान समजतात. राजघराण्याविषयी अनुदार बोलणे हा कायद्याने गंभीर गुन्हा आहे. राजवाड्याच्या परिसरात ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून टुकटुकमधून (तीनचाकी रिक्षातून) रत्नांच्या दुकानांत नेऊन पर्यटकांना फसविण्याचा प्रकार जुना आहे. अशा वेळी थेट प्रवेशद्वारावर जाऊन खात्री करावी.

बाजारांमध्ये शनिवार-रविवारी भरणारा चातुचाक बाजार सर्वांत मोठा असून कापड, भांडी, रोपे, जुन्या वस्तू अशा विभागांत तेथे हजारो दुकाने लागतात. उन्हाचा त्रास टाळण्यासाठी तेथे सकाळीच पोहोचणे बरे. तरंगत्या बाजारांपैकी दाम्नोएन सादुआक शहरापासून सुमारे १०० किमी. वर आहे आणि तेथे आता मुख्यतः पर्यटकांचीच गर्दी असते. स्थानिक कुटुंबे जेवावयास जातात तो ख्लोंग लाट मायोम हा सुट्टीच्या दिवसांतील बाजार शहराच्या हद्दीतच असून अधिक जिव्हाळ्याचा आहे. चिनी वस्तीतील यावारात रस्ता संध्याकाळनंतर खाद्यपदार्थांच्या गाड्यांनी भरून जातो. शाकाहारी व्यक्तींनी लक्षात ठेवावे, की केवळ भाज्यांच्या पदार्थांतही बहुधा माशांचा नाम प्ला हा रस घातलेला असतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या ठिकाणी मांस-मासे पूर्णपणे वर्ज्य असतात, तसेच कांदा-लसूणही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातील नऊ दिवसांच्या उपवासपर्वात अशा पताका जागोजागी दिसतात. पाहुरात या भारतीय वस्तीत गुरुद्वारा आणि भारतीय जेवणाची सोय आहे.

विश्रांतीसाठी लुम्फिनी उद्यान जुने व प्रसिद्ध असून तेथील तळ्याकाठी मोठ्या घोरपडी निर्धास्त फिरताना दिसतात. तंबाखू कारखान्याच्या जुन्या जागेवर २०२२ मध्ये खुले झालेले बेंजाकित्ती वनोद्यान पाणथळींवरील उंच पायवाटांमुळे विशेष प्रेक्षणीय झाले आहे. जिम थॉम्पसन या अमेरिकन रेशीम व्यापाऱ्याचे सागवानी घर आता संग्रहालय आहे. १९६७ मध्ये मलेशियात तो बेपत्ता झाला आणि त्याचा शोध कधीच लागला नाही. मुष्टियुद्धाचे थाई रूप असलेल्या मुए थाईचे सामने १९४५ मध्ये सुरू झालेल्या राचादाम्नोएन क्रीडागारात होतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास सर्वांत अनुकूल होय. १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रान या नववर्षोत्सवात रस्तोरस्ती पाणी उडवितात. थाई पंचांगाच्या बाराव्या महिन्यातील पौर्णिमेला, म्हणजे साधारणपणे आपल्याकडील त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, लोय क्राथोंगच्या रात्री केळीच्या सोपाचे फुलांनी सजविलेले द्रोण दिव्यासह पाण्यात सोडले जातात. शहरांतर्गत प्रवासासाठी १९९९ पासून आकाशरेल्वे व २००४ पासून भुयारी रेल्वे उपलब्ध आहे. भुयारी मार्गाच्या विस्तारानंतर सानाम चाय स्थानकातून वाट फो येथे पायी जाता येते. एक दिवस अधिक असल्यास उत्तरेस सुमारे ८० किमी. वरील अयुथ्या येथे रेल्वेने जावे. बँकॉकच्या मंदिररचनेचे पूर्वरूप तेथील भग्न प्रांगांत (उंच शिखरांत) व विहारांत स्पष्ट दिसते, आणि या जागेला १९९१ पासून जागतिक वारसास्थळाचा दर्जा आहे.