रिपोर्टातला आकडा आणि तुमच्या पोटात जाणारं पाणी

बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न एकच असतो: पाणी प्यायचं की नाही? नायट्रेट म्हणजे पाण्यात विरघळलेला नत्राचा क्षार. त्याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तुमच्याकडे 60 आलं, तर पाणी मर्यादेबाहेर, एवढं कळलं. पण घरात कुणाच्या अंगात किती जातं हे त्यावरून कळत नाही. म्हणून तर नमुना घेताना आम्ही पाणी तपासणारे वय, वजन, कामधंदा विचारतो.

हिशेब असा: लिटरमधले मिलिग्रॅम गुणिले रोज प्यायलेले लिटर, भागिले वजन. 60 किलोचा माणूस दुकानात बसून 2 लिटर प्यायला, तर किलोमागे 2 मिलिग्रॅम. तोच मे महिन्यात रावेर-यावलकडच्या केळीबागेत राबला, 5 लिटर प्यायला, तर 5. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा किलोमागे 3.7 मिलिग्रॅम धरली आहे, आणि तिच्यात पालेभाजीतून येणारं नायट्रेटही आलं.

आता 5 किलोचं बाळ घ्या. पावडरच्या दुधातून पाऊण लिटर पाणी गेलं तर किलोमागे 9! सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद यामुळे कमी होऊ शकते. ओठ, नखं निळसर पडतात. "आम्ही उकळूनच देतो," असं आया काळजीने सांगतात. जंतूंसाठी ते बरोबरच आहे, पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं, आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. कँडल किंवा यूव्हीनेही ते निघत नाही. आरओने निघतं, पण मशिनीतून येणारं पाणीही तपासून घ्या.

"दोन-तीन तांबे पितो" हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. घरातला तांब्या एकदा मापाने भरून बघा. मग माठाशेजारी भिंतीवर प्रत्येकाच्या नावाने खडूच्या रेघा ओढा, तीन दिवस. शेतात नेलेला कॅन, चहाचं, वरणाचं पाणी धरा. आंघोळीचं सोडून द्या, नायट्रेट कातडीतून फारसं शिरत नाही.

नमुना घेण्याआधी बोअर दहा मिनिटं चालू ठेवा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरा आणि रेघांचा हिशेब सोबत आणा. घरात बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर आल्या-आल्या सांगा. तो नमुना आम्ही सगळ्यांच्या आधी लावतो.