चंडूबंदीचा वाद (स्ट्रेट्स सेटलमेंट्स)

सिंगापूर, पेनांग व मलाक्का मिळून बनलेल्या ब्रिटिश वसाहतीत चिनी लोकांचे अफू ओढणे बंद करावे की नाही, याविषयी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेला सरकारी वाद. बोलणे आरोग्याचे आणि नीतीचे होई. निकाल मात्र बहुधा खजिना पाहून लागे.

कच्ची अफू पाण्यात उकळून, गाळून, आटवून केलेला दाट अर्क म्हणजे चंडू; तो दिव्याच्या आचेवर धरून नळीतून ओढत. सिंगापूरची वसाहत १८१९ ची. पुढच्याच वर्षी रेसिडेंट (वसाहतीचे मुख्य ब्रिटिश अधिकारी) विल्यम फर्कर यांनी अफूचा मक्ता लिलावात काढला. चिनी व्यापारी सरकारला ठरलेली रक्कम भरत आणि चंडू करण्या-विकण्याचा एकाधिकार घेत. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः हमाल, रिक्षा ओढणारे, गांबिरच्या (कातडी कमावण्यासाठी लागणाऱ्या वनस्पतीच्या) मळ्यांतले आणि कथिलाच्या खाणींतले मजूर. थकवा, ताप, हगवण, घरापासून तुटलेपण या साऱ्यांवर त्यांना परवडणारा उतारा तोच. मजूर आणणारा, राबवणारा आणि त्याला उधारीवर चंडू देणारा पुष्कळदा एकच असे, त्यामुळे मजुरी कर्जातच वळती होई. माल हिंदुस्थानचा होता, प्रामुख्याने बंगाल सरकारच्या कारखान्यांतला. माळव्याची अफूही मुंबई बंदरातून पूर्वेकडे जाई.

डॉ. रॉबर्ट लिटल यांनी सिंगापूरमधली अफूची दुकाने स्वतः हिंडून १८४८ मध्ये या व्यसनावर सविस्तर लेख लिहिला. तरीही अनेक वर्षे वसाहतीचे जवळपास निम्मे उत्पन्न अफूतूनच येत राहिले.

१९०६ मध्ये चित्र पालटले. चीनच्या बादशाही सरकारने अफू दहा वर्षांत बंद करण्याचा हुकूम काढला आणि ब्रिटिश संसदेने हा व्यापार नीतीला धरून नाही असा ठराव केला. सिंगापुरात डॉ. लिम बून केंग व डॉ. यिन सुआत चुआन यांनी व्यसनमुक्तीचे आश्रयस्थान चालवले. म्हणजे बंदीची मागणी खुद्द चिनी समाजातूनच येत होती; ‘चिनी माणूस अफूवाचून राहणार नाही’ हे समर्थन त्यामुळे फोल ठरते. १९०७ मध्ये सरकारने आयोग नेमला. बिशप विल्यम ओल्डहॅम हे अफूविरोधक त्याचे सदस्य होते, पण अहवालाने दुष्परिणाम अतिरंजित ठरवले आणि बंदीऐवजी मक्ता मोडून सरकारी एकाधिकार सुचवला. १ जानेवारी १९१० पासून तो अमलात आला. पासिर पांजांग येथे सरकारी कारखान्यात चंडू बनू लागला. तिथल्या टेकडीला आजही बुकित चंदू (चंडूची टेकडी) म्हणतात.

पर्याय नव्हता असे नाही. आयकराची सूचना पुढे आली, पण सधन व्यापाऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला. शासनाचा खर्च रिक्षावाल्याच्या नळीतून निघावा, हे त्यांना अधिक सोयीचे होते.

हेग (१९१२) व जिनीव्हा (१९२५) येथील अफूविषयक आंतरराष्ट्रीय करारांनंतर दबाव वाढला. बुडणाऱ्या उत्पन्नाच्या भरपाईसाठी राखीव निधी उभारला गेला, आणि अफू ओढणाऱ्यांची नोंदणी आली. डॉ. चेन सू लान यांनी १९३३ मध्ये व्यसनमुक्तीचा दवाखाना काढला. संपूर्ण बंदीचे धोरण लंडनने जाहीर केले ते १९४३ मध्ये, वसाहत जपानच्या ताब्यात असताना; ते लागू झाले १९४६ मध्ये. व्यसनात अडकलेल्यांसाठी सिंगापूरजवळच्या सेंट जॉन्स बेटावर सरकारी उपचार केंद्र निघाले १९५५ साली, पहिल्या मक्त्यानंतर १३५ वर्षांनी.