चुकलेली चांदणी आणि कोडिंगचा तास

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर माझी सातवीतली भाची लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'टर्टल' म्हणून एक सोय आहे. पडद्यावर एक कासव असतं. त्याला 'शंभर पावलं चाल', 'इतके अंश उजवीकडे वळ' असं सांगत गेलं की मागे रेघ उमटत जाते. तिला पाच टोकांची चांदणी काढायची होती, हात न उचलता आपण वहीच्या कोपऱ्यात काढतो तशी. चांदणीच्या टोकाशी ३६ अंशांचा कोन असतो हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने लिहिलं: शंभर पावलं चाल, ३६ अंश वळ, असं पाच वेळा. कासव निघालं आणि फुटक्या ताटलीच्या कडेसारखी एक कमान काढून थांबलं.

"मावशी, कोन ३६चाच आहे ना? मग हे असं का करतंय?"

मी उत्तर सांगितलं नाही. फरशीवर खडूने मोठी चांदणी काढली आणि म्हटलं, आता तूच कासव हो. ती एका रेघेवरून टोकापर्यंत चालत गेली. पुढच्या रेघेकडे तोंड करायला तिला जवळजवळ आल्या वाटेनेच मागे फिरावं लागलं. तिथेच ती थबकली. "अगं, इथे तर खूप वळायला लागतंय!" आपण सरळ चालत राहिलो असतो ती दिशा आणि आता धरायची ती नवी दिशा, या दोन्हींमधला कोन कासवाला हवा असतो. टोकाच्या आतला कोन त्याच्या उपयोगाचा नाही. १८०मधून ३६ गेले, राहिले १४४. आकडा बदलला आणि चांदणी उमटली. मग तिनेच हिशोब मांडला: १४४ पाच वेळा म्हणजे ७२०, म्हणजे कासव स्वतःभोवती बरोबर दोन फेऱ्या मारून मूळ दिशेला आलं. आणि ३६ पाच वेळा म्हणजे १८०, अर्धीच फेरी. दशकोनाच्या निम्म्या बाजू काढून ते थांबलं होतं!

शाळांनी कोडिंगला अग्रक्रम द्यावा का, असं मला सध्या बरेच पालक विचारतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचं म्हटल्यापासून तर फारच. माझं उत्तर त्या ओसरीवरच्या वीस मिनिटांत आहे. कोडिंग शिकवावं, सगळ्या मुलांना शिकवावं, पण त्यातली चूक शोधण्याची विद्या मधोमध ठेवून शिकवावं. ती बाजूला ठेवली तर बाकीच्या कोडिंगसाठी गणिताचा किंवा भाषेचा एकही तास कापू नये.

यामागे सुमारे चाळीस वर्षांचं संशोधन आहे. मुलांसाठीची 'लोगो' ही भाषा १९६७ साली अमेरिकेत वॉली फॉयरझाइग, सिमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी तयार केली. तिचं पहिलं कासव पडद्यावर नव्हतं, जमिनीवर फिरणारं खरोखरचं यंत्र होतं. पेपर्ट यांचं म्हणणं असं की मूल कासवाच्या जागी स्वतःला कल्पू शकतं, म्हणून भूमिती त्याच्या अंगात उतरते. भाचीने फरशीवर केलं ते हेच. १९८०च्या आसपास अनेकांना वाटू लागलं की लोगो शिकलेलं मूल सगळ्याच बाबतींत पद्धतशीर विचार करू लागेल. आपल्याकडेही १९८४मध्ये 'क्लास' नावाच्या सरकारी प्रकल्पातून शाळांमध्ये ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक आले ते याच लाटेत.

त्याच वर्षी रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी ही आशा तपासून पाहिली. एक वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना त्यांनी संगणकाशी संबंध नसलेलं काम दिलं: वर्गातली ठरावीक कामं कमीत कमी खेपांत आटपायची योजना आखा. लोगो न शिकलेल्या मुलांपेक्षा ही मुलं काही सरस ठरली नाहीत. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप पोहोचत नाही, हे त्यातून दिसलं.

गोष्ट इथेच संपली असती तर मीही म्हटलं असतं, राहू द्या कोडिंग. पण त्यानंतर काही वर्षांतच डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. मुलांना नुसता प्रोग्राम लिहायला लावण्याऐवजी त्यांनी चूक शोधण्याची पद्धत पायरीपायरीने शिकवली. आधी काय हवं होतं आणि काय झालं ते शेजारी शेजारी ठेवायचं. फरक कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखायचं. त्यावरून दोष प्रोग्रामच्या कोणत्या भागात असेल याचा अंदाज बांधायचा, फक्त तेवढा भाग तपासायचा, दुरुस्त करून पुन्हा चालवून बघायचा. नंतर या मुलांना कागदावरच्या चुकीच्या सूचना दिल्या: नकाशावरचा रस्ता, वस्तूंची मांडणी, वाटपाची यादी. त्यांतल्या चुका शोधण्यात ती आधीपेक्षा स्पष्टपणे तरबेज झाली होती. १९८८ साली हे प्रसिद्ध झालं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. मुलांच्या हातात भाषा तीच होती, कासवही तेच. बदललं होतं ते शिकवणाऱ्याने कशावर बोट ठेवलं एवढंच.

२०१९ साली रोनी शेरर आणि सहकाऱ्यांनी अशा १०५ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. प्रोग्रामिंग शिकल्याचा सरासरी परिणाम ०.४९ निघाला. सोप्या शब्दांत सांगायचं तर शंभर मुलांच्या रांगेत अगदी मध्यावर असलेलं मूल साधारण एकोणीस जागा पुढे सरकतं. खुद्द प्रोग्रामिंगमध्ये फायदा अर्थातच जास्त, ०.७५. इतर विचारकौशल्यांत तो ०.४७ होता. त्यातही कल्पक विचार आणि गणित यांना बरा लाभ, वाचन-लेखनाला जवळपास नाहीच. शिवाय तुलनेच्या गटातल्या मुलांनाही दुसरं काही नीट शिकवलं असेल, तर हा फायदा कमी होतो. म्हणजे कोडिंगला गुण आहे, पण ते सर्व रोगांवरचं औषध नव्हे.

आता भाचीची शाळेची वही बघा. फळ्यावरून उतरवलेला प्रोग्राम, मोत्यासारखं अक्षर, खाली तांबडी बरोबरची खूण. एका ओळीत शेवटचं विसर्गासारखं चिन्ह राहून गेलेलं आहे. पायथन तिथेच अडून बसला असता, एक पाऊल पुढे गेला नसता. पण हा प्रोग्राम कधी चालवलाच गेला नाही, म्हणून चूक कोणाला दिसली नाही. परीक्षेतला प्रश्न होता, 'पायथनची पाच वैशिष्ट्ये लिहा.' शाळेचं नाव घेण्याचं कारण नाही. असं खूप ठिकाणी चालतं. मुलीने पाचही वैशिष्ट्यं पाठ केली, पाचही गुण मिळवले. याला कोडिंग म्हणायचं आणि त्यासाठी चित्रकलेचा तास घालवायचा, हे बघून मला खरोखर वाईट वाटतं.

आणि चूक शोधायला संगणक लागतोच असं नाही. शाळांची आकडेवारी देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'युडायस प्लस'च्या २०२३-२४च्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशातल्या ५७.२ टक्के शाळांतच चालू स्थितीतले संगणक होते. म्हणजे दहांतल्या चार शाळांना 'आधी यंत्र येऊ द्या' म्हणत बसावं लागलं असतं. अशा शाळांसाठी मी गुजरातच्याच मातीतलं उदाहरण देते. पाटणचे जैन पंडित आचार्य हेमचंद्र. इसवी सन ११५०च्या सुमारास त्यांनी छंदशास्त्रातला एक प्रश्न सोडवला, आणि त्यांच्याही आधी विरहांक या छंदशास्त्रकारांनी तो सोडवला होता. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तर ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारांनी भरता येईल?

ओळ संपते लघूवर किंवा गुरूवर, तिसरी शक्यता नाही. लघूवर संपली तर आधी एक मात्रा कमी असलेली ओळ, गुरूवर संपली तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणून आधीच्या दोन संख्यांची बेरीज करत जायचं: १, २, ३, ५, ८, १३. पुढे युरोपात १२०२ साली लिहिणाऱ्या फिबोनाचीच्या नावाने ही मालिका प्रसिद्ध झाली. मोठा प्रश्न त्याच जातीच्या लहान प्रश्नांत मोडायचा, ही प्रोग्रामिंगची अगदी मूळची युक्ती इथे पाटीवर मांडलेली आहे.

भाचीला मी पाच मात्रांचे प्रकार लिहायला सांगितले. तिने सात लिहिले. नियमाप्रमाणे आठ हवेत. राहिलेला प्रकार कुठे शोधायचा? पहिल्यापासून सगळे डोळ्यांखालून घालायचे? तिने यादीचे दोन भाग केले. गुरूवर संपणारे तीन हवेत, तीन होते: लललगा, लगागा, गालगा. तो भाग शुद्ध. लघूवर संपणारे पाच हवेत, तिच्याकडे चारच: ललललल, ललगाल, गाललल, गागाल. शेवटचा ल झाकून चार मात्रांच्या यादीशी ताडून पाहिलं आणि हरवलेला सापडला: लगालल. दोष कोणत्या भागात नाही हे आधी ठरवायचं आणि शोधाची जागा आवळत आणायची. क्लार आणि कार्व्हर यांनी शिकवलं ते हेच. वृत्तं शिकवणाऱ्या मराठीच्या बाईसुद्धा हा तास घेऊ शकतील, आणि त्यात त्यांचा विषयही पुढे सरकेल.

खरी अडचण शिक्षकांची आहे. इंग्लंडने २०१४च्या सप्टेंबरपासून वयाच्या पाचव्या वर्षापासून संगणनशास्त्र सक्तीचं केलं. तीनच वर्षांनी तिथल्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने पाहणी केली, तर दहावीच्या तोडीच्या परीक्षेला ५४ टक्के शाळा हा विषय देतच नव्हत्या. पैसा आणि यंत्रं असूनही! चूक शोधायला शिकवायचं तर शिक्षकाला वर्गासमोर 'मलाही अजून कळलं नाही, बघू या' म्हणता यावं लागतं, आणि ते वैशिष्ट्यं लिहून देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

भाषेचाही मुद्दा आहे. बडोद्यात १८९०मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उघडली तेव्हा तिचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की रंगकाम असो की यंत्रकाम, शिकवायचं ते मुलांच्या भाषेत. आमच्या घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. भाची प्रोग्राम इंग्रजीत लिहिते, पण 'हे असं का करतंय' हा प्रश्न तिला मराठीतच पडतो. आज्ञांचे दहा-वीस शब्द इंग्रजी असू देत. चूक कशी झाली याची चर्चा मुलाला ज्या भाषेत बोलावंसं वाटतं तिच्यात व्हावी.

कोणी म्हणेल, आता यंत्रच प्रोग्राम लिहून देतं, मग मुलांनी कशाला शिकायचं? यंत्र लिहून देतं हे खरं आहे. पण ३६ आणि १४४मधला फरक त्याच्या उत्तरातही चुकू शकतो, आणि तो ओळखायला कासव होऊन चालून पाहिलेलं माणूसच लागतं.

म्हणून माझं शाळांना सांगणं थोडकंच आहे. सहावी ते आठवी आठवड्याला दोन तास पुरेत, त्यांतला एक संगणकाविना. परीक्षेत कोरा कागद देऊ नका. बिघडलेला प्रोग्राम द्या, काय हवं होतं ते सांगा, आणि दोष कुठे आहे, कशावरून ओळखलात, ते लिहायला सांगा. चूक सापडली नाही पण शोध योग्य दिशेने चालला होता, तर त्यालाही गुण द्या.

भाचीने हल्ली एक वेगळी वही केली आहे. बरोबर आलेलं ती त्यात लिहीत नाही. पानाला तीन रकाने आहेत: काय वाटलं, काय झालं, का झालं. पहिल्या पानावर लिहिलंय: '३६ दिले. कासव गोल गेलं. ते बाहेरून वळतं.' त्याखालची ओळ कालची आहे, आणि तिचा तिसरा रकाना अजून रिकामा आहे.