कोंबड्यांवर पाणी मारून त्या गार होतात का?

एप्रिल-मे आला की परसातल्या कोंबड्यांवर पाइपने पाणी मारा, असं सर्रास सांगितलं जातं. पण पिसांना तेलकट थर असतो. वरून मारलेलं पाणी ओघळून जातं, कातडीपर्यंत फारसं पोहोचतच नाही. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, श्वासावाटे ओल उडते आणि मुख्यतः त्यानेच ती गार होते. बंद खुराड्यात मारलेलं पाणी खालच्या भुशात मुरतं, हवा दमट होते, मग कितीही धापा टाकल्या तरी ओल फारशी उडत नाही. भिजलेल्या भुशातून अमोनिया सुटतो तो वेगळाच.

पाणी मारायचंच तर खुराड्याच्या छपराच्या पत्र्यावर मारा. त्यावर पाचट किंवा पेंढा चार बोटं पसरून दुपारी भिजवा. विदर्भातल्या कोरड्या हवेत वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट उत्तम चालतं. कोकणात ते नकोच. तिथे जाळी मोकळी ठेवा आणि पंखा लावा.

दहा कोंबड्यांना एरवी दोन-अडीच लिटर पाणी पुरतं, कडक उन्हात पाच लिटर धरा. भांडं मातीचं, सावलीत. दाणे पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, कारण पचनानेही अंगात उष्णता वाढते.

एखादीने मान टाकलीच, तर तिचे पाय आणि पोटाखालचा भाग दोन-तीन मिनिटं साध्या पाण्यात धरा, डोकं वर ठेवून. पायांवर पिसं नसल्याने उष्णता तिथून लवकर निघते. बर्फाचं पाणी मात्र वापरू नका.